एक-दहापर्यंत अडखळणारा माऊस

आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी मला अक्कल शिकवायला नको. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नाही. आमच्या रत्नागिरीत दर चार घरांआड एकाला तरी कुठल्यातरी वळणावर पांढऱ्या साडीतली बाई भेटलेली असते. मला आजवर एकही भेटलेली नाही. मी गेली अठरा वर्षं कॉम्प्युटरचा क्लास चालवते. एखादी मुलगी "मॅडम, आपोआप डिलीट झालं" म्हणाली की मी तिला तिथेच उभी करते आणि सांगते — आपोआप काही होत नसतं बाळे, कुणीतरी बटण दाबलेलं असतं. हे माझं ठरलेलं वाक्य. या एप्रिलपासून ते माझ्या तोंडून निघत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझ्या दादाचा राम आळीत फोटो स्टुडिओ होता. पहिला मजला, अंधारा लाकडी जिना, दहा बाय चौदाची खोली. लग्नांच्या ऑर्डरी हळूहळू नव्या पोरांकडे गेल्या, तसा दादा जुने फाटके फोटो दुरुस्त करायच्या कामात शिरला. खेडोपाड्यांतून माणसं यायची. कुणाच्या आजोबांचा एकच फोटो, घडी पडलेला, कुणाच्या आईचा, बुरशी लागलेला. दादा तो स्कॅन करायचा आणि माऊसने एकेक ठिपका भरत बसायचा. मी किती वेळा म्हटलं, अरे, डिजिटल पेन घे. "माझा हात बसलाय गं यावर," म्हणायचा. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर दादा गेला. सकाळी स्टुडिओ उघडला, खुर्चीत बसला, आणि तिथेच.

वहिनीने त्यानंतर पाच महिने कुलूप काढलं नाही. कोकणातला पाऊस, बंद खोली... पुढचं सांगायला नको. उघडलं तेव्हा गिऱ्हाइकांची पाकिटं एकमेकांना चिकटून लगदा झालेली, वर वाळवी. वहिनीने काय करावं? गेलेल्या माणसांचे फोटो कचऱ्यात कसे टाकायचे म्हणून सगळा गठ्ठा फडक्यात बांधला आणि भाट्याच्या खाडीत सोडून आली. नारळसुद्धा सोडला बरोबर. मला कळलं तेव्हा मी तिला फाडफाड बोलले, पण ती तरी एकटी काय काय बघणार होती.

या एप्रिलमध्ये गाळा रिकामा करून द्यायचं ठरलं. रविवारी सामान काढायचं, पुढच्या सोमवारी गाळा घेणारा मोबाईलवाला येणार. दादाचा कॉम्प्युटर मी क्लासला नेणार होते. मशीन चांगलं होतं, फक्त ऑपरेटिंग सिस्टीम जुनी. मी आठवडाभर क्लासला सुट्टी दिली, तिथेच बसून नवीन व्हर्जन टाकलं आणि ठरवलं की वहिनीचे घरचे फोटो तेवढे बाजूला काढायचे, रविवारी फॉरमॅट मारायचा, विषय संपला.

आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, सोमवारी, माऊस अडकायला लागला.

दादाचाच वायरलेस माऊस, काळा, तळहाताखालचा भाग झिजून चकचकीत झालेला. छान चालायचा आणि मधेच अडखळायचा. मी हात फिरवून मोकळी, आणि बाण आपला मागून येतोय... थोडा सरकतो, थांबतो, परत थोडा. अपग्रेडनंतर असं होतं, ड्रायव्हर जुना राहतो, त्यात काय एवढं. मी सेल बदलले. ड्रायव्हर काढून नव्याने टाकला. मागच्या यूएसबीत लावलेला माऊसचा डोंगल काढून पुढे लावला, कारण मागच्या पोर्टजवळ सिग्नलला अडथळा येतो कधी कधी. वीज वाचवायला मशीन यूएसबी झोपवतं, ती खूण काढली. बाणाचा वेग कमी-जास्त करून पाहिला. माऊस सुरळीत झाला. मी स्वतःवर खूश. आणि दुपारी शिंचा परत अडकला.

त्याच दुपारी जिन्यावर पावलं वाजली. एकेक पायरी चाचपत कुणीतरी वर येत होतं. गोदाआजी. खांबडवाडीची, सत्तरी ओलांडलेली, नऊवारी, हातात पिशवी. दारातच उभी राहिली आणि माझ्या दिशेने, पण जरा बाजूलाच बघत म्हणाली, "फोटूवाले हायत काय?"

आवराआवरीला आलेल्या वहिनीने तिला आत घेतलं, पाणी दिलं, दादा गेल्याचं सांगितलं. म्हातारीने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "बरा मानूस हुता गो. माज्या शेवंतीचा काम त्याच्याकडं दिलेला. देतो बोललान."

शेवंती तिची मुलगी. चौथीत होती, रानात लाकडं आणायला गेली आणि फुरसं साप चावून गेली. चाळीस वर्षं होऊन गेली. तिचा फोटो म्हणाल तर शाळेतल्या सगळ्या पोरांचा मिळून काढलेला एक, त्यात मागच्या रांगेत ही. तोच फोटो तिने लॉकडाऊनच्या आधी दादाला दिला होता, शेवंतीचा चेहरा तेवढा वेगळा मोठा करून हवा म्हणून. आता आजीला काचबिंदू झालाय. उजवा डोळा गेलाच, डावाही चाललाय. डॉक्टरांनी सांगितलंय की गेलेली नजर परत येत नाही. "आज दिसता, उद्याचा काय ठावूक? येकदा तिचा तोंड बगायचा हाय मला. आता डोल्यासमोर आनाया गेला तर येत न्हाय गो..."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि मी वहिनीकडे. तो फोटो खाडीत गेला होता.

मी आजीला सांगितलं, कॉम्प्युटरमध्ये असेल, शनिवारी या. असेल, म्हटलं मी. मला काय माहीत होतं! बारा वर्षांचे हजारो फोटो, फायलींना नावं स्कॅन एक, स्कॅन दोन. मी 'शेवंती' टाकून शोधलं, 'गोदा' टाकलं, 'खांबडवाडी' टाकलं, इंग्रजीतून टाकलं. काही नाही. दादा गिऱ्हाइकाचं नाव म्हणून कुठे लिहायचाच नाही. संध्याकाळपर्यंत मी फोटो बघत बसले. सगळे अनोळखी, सगळे गेलेले. डोकं उठलं. आणि रविवारी फॉरमॅट.

मंगळवारी माऊसने उच्छाद मांडला. आता माझी एक सवय आहे, पोरांनाही तीच लावते: आधी वहीत लिहा, मग मशीनला हात लावा. म्हणून मी कागद घेतला आणि कधी अडकतो, किती वेळ अडकतो ते लिहायला लागले. बुधवारी क्लासमधून वायरवाला माऊस आणला, डोंगल काढूनच ठेवला. म्हटलं, आता कसला सिग्नल आणि कसलं काय!

वायरवालाही अडकला. तसाच. थोडा सरकला, थांबला, परत सरकला.

मी टास्क मॅनेजर उघडून ठेवला होता. प्रोसेसर रिकामा, मेमरी रिकामी, मागे काही चालू नाही. ठरावीक वेळेला सुरू होणारी कामं असतात, तीही तपासली, त्या वेळांना एकही नव्हतं. कीबोर्ड मात्र झकास चालत होता. बुधवारी दुपारी मी त्या खुर्चीतून उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. पहिल्यांदा काहीतरी गैर वाटलं. भीती नाही म्हणणार, पण त्या खुर्चीत परत बसवेना.

गुरुवारी वहिनी चहा घेऊन आली. माझा कागद टेबलावर होता. तिने सहज उचलला आणि वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

"नीला, हे काय लिहिलंयस?"

"माऊस अडकायच्या वेळा. रोज त्याच. बघ ना, दहा-पस्तीस ते दहा-पन्नास. बारा-पंचावन्न ते एक-दहा. मग तीन-दहा ते तीन-पंचवीस, आणि चार-पंचवीस ते चार-चाळीस. प्रत्येक वेळी पंधरा मिनिटं, आणि मग खटकन मोकळा."

वहिनी हळूच स्टुलावर बसली. "या गाड्या आहेत गं. दहा-पन्नास, एक-दहा, तीन-पंचवीस, चार-चाळीस. एसटीच्या."

मग तिने सांगितलं ते मला सख्खी बहीण असून ठाऊक नव्हतं. खेड्यातल्या माणसाला परतीची गाडी चुकली की दिवस जातो. म्हणून दादा काम लावायचा ते गाडीप्रमाणे. नाव नाही, गाव नाही — कुठली गाडी? पाकिटावर तेवढंच लिहायचा. आणि गाडीला पंधरा मिनिटं राहिली की बाकी सगळं सोडून त्या गिऱ्हाइकाच्या कामाला बसायचा, शेवटचा हात फिरवायचा. "मी डबा घेऊन यायचे ती एक-दहाची गेल्यावर. आधी आले की चिडायचे. म्हणायचे, म्हातारीची गाडी आहे, बोलू नकोस."

"एक-दहाची कुठली?"

"खांबडवाडीची. पण ती तर लॉकडाऊनपासून बंदच आहे."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. चारही वेळा चालू गाड्यांच्या असत्या तर मी म्हटलं असतं, स्टँडवर काहीतरी यंत्र असेल, कसला तरी सिग्नल असेल, काहीही शोधून काढलं असतं. पण जी गाडी सुटतच नाही तिची वेळ माऊसला कोण सांगणार?

पण एक गोष्ट चटकन डोक्यात आली. अपग्रेडमध्ये जुन्या डेस्कटॉपवरचं सगळं एका वेगळ्या कोपऱ्यात जाऊन पडलं होतं आणि त्यात 'बाकी' नावाचा फोल्डर मी पाहिला होता. आत नुसते आकडे होते. मला वाटलं प्रिंटचे साइझ असतील, म्हणून उघडलाच नव्हता. आता उघडला. चार फोल्डर: १०५०, ११०, ३२५, ४४०.

गाडी बंद झाली, आजीचं येणं थांबलं, काम अर्धवट पडलं, तरी दादाने नाव बदललं नव्हतं. ११० मध्ये एकच काम होतं. शाळेचा फोटो, पोरं रांगेत, आणि एक मागच्या रांगेतला चेहरा वेगळा काढून मोठा केलेला. दोन वेण्या, ओठ घट्ट मिटलेले. वहिनीने हात जोडले. पण माझा आनंद पुरती दोन मिनिटंही टिकला नाही. मूळ फोटोला तिथेच घडी पडली होती. कपाळाच्या मधून उजव्या डोळ्यावरून गालापर्यंत पांढरा पट्टा. तिथला कागदच उडालेला, खाली काही शिल्लकच नाही. दादाने गालाचा भाग भरला होता. डोळा आणि कपाळ राहिलं होतं.

मला फोटोचं काम येत नाही. मी टायपिंग शिकवते. मोबाईलवर एक अॅप आहे, एआयने फोटो नीट करून देतं, त्यात टाकला. अर्ध्या मिनिटात मुलगी तयार. गोरीपान, गुळगुळीत, डोळे टपोरे... कॅलेंडरवर शोभली असती. वहिनी म्हणाली, "ही कोण?"

आणि खरं सांगते, लाज वाटते पण सांगते, माझ्या मनात आलं की देऊन टाकू. म्हातारीला धड दिसतंय कुठे? तिला आठवतंय कुठे? ती समाधानाने घेऊन जाईल. मी तसं बोललेही. वहिनी माझ्यावर कधी आवाज चढवत नाही, पण तेव्हा चढवला. "चाळीस वर्षांनी तिला दुसऱ्याची पोर देणार तू? आणि ती तिलाच शेवंती समजून डोळे मिटणार?" अॅपमधला फोटो काढून टाकला.

शुक्रवारी पावणेएकला मी दादाच्या खुर्चीत बसले. त्याचाच वायरलेस माऊस परत लावला. फाइल उघडली, ब्रश घेतला. माझं आपलं ठरलं होतं की जमेल तसं स्वतः भरायचं. निदान खोटं तरी नसेल. दार उघडं, खाली राम आळीत भर दुपारची वर्दळ, कुणीतरी आंब्याच्या पेट्या उतरवत ओरडत होतं. वहिनी माझ्या मागे स्टुलावर. तिने त्या दिवशी डबा का आणला होता ते मी विचारलं नाही.

बारा-पंचावन्न झाले आणि बाण जड झाला.

उगाच तिखटमीठ लावणार नाही. माऊस आपला आपण फिरला नाही. माझाच हात त्यावर होता. फक्त मी ओढेन तेव्हा तो येत नव्हता. जरा सरकायचा आणि थांबायचा. मी वैतागून जोरात ओढायला लागले, तोच वहिनी मागून पुटपुटली, "ओढू नकोस. ते अडकत नाहीये गं... ते काम असंच करायचे. एक ठिपका, की मान मागे घेऊन बघायचं. मग दुसरा. बारा वर्षं मी इथेच बसून बघितलंय."

उठून पळावंसं वाटलं, आईशप्पथ. पण समोर ती मुलगी अर्ध्या तोंडाने माझ्याकडे बघत होती आणि उद्या म्हातारी येणार होती. मी हात ढिला सोडला. बटण माझंच बोट दाबत होतं. पण कुठे दाबायचं ते मी ठरवत नव्हते. बाण थांबला की मी दाबायचे. सरकला की सोडायचे. रंग कुठून उचलायचा, तेही तसंच. पापणी आली. बुबुळ आलं. भुवईचे केस एकेक करून आले. आठवडाभर मी ज्याला बिघाड म्हणत होते, तो हात होता. मला रडू येत होतं.

वहिनी एकदाच बोलली. माझ्याशी नाही. "अहो, डबा आणलाय," म्हणाली.

एक-दहा झाले आणि बाण सुटला. इतका मोकळा, की माझ्या हाताच्या झटक्याने पार पडद्याच्या कोपऱ्यात गेला.

चेहरा पुरा झाला होता. फक्त उजव्या भुवईच्या वर एक बारीक, तिरपी, पांढुरकी रेघ राहिली होती. घडीचाच अवशेष असणार. मी ती पुसायला गेले आणि हात मागे घेतला. म्हटलं, आपल्या हातून उरलंसुरलं बिघडायला नको. सेव्ह केलं, दादाच्या प्रिंटरवर मोठी प्रिंट काढली. वहिनीने डबा उघडला. आम्ही दोघी जेवलो.

शनिवारी साडेबाराला गोदाआजी वडापच्या जीपने आली. धापा टाकत बसली. मी फोटो तिच्या हातात दिला. तिने तो डाव्या डोळ्याशी इतका जवळ धरला की नाक टेकलं, आणि हळूहळू एका बाजूने सरकवत बघू लागली. हनुवटी, ओठ, वेण्या. मला राहवेना, मी आपली चुका कबूल करायला लागले — "आजी, मला हे काम तितकंसं येत नाही हो. भुवईवर ती एक रेघ राहिलीय बघा, घडीची. ती काही निघाली नाही."

तिचं बोट रेघेवर जाऊन थांबलं.

"रेघ न्हाय गो बाय ती," म्हणाली. "इलीवर पडली हुती. तीन वर्साची असताना. इली मीच उबी ठेवलेली, खोबरा खवाया. रगात थांबंना..."

विळीची खूण. वहिनीने माझा दंड घट्ट धरला. मी विचारलं, "आजी, दादाला सांगितलं होतंत का हे? त्या खुणेचं?"

"कसा सांगनार? फोटूत ती दिसतच न्हवती, घडी हुती ना थितं." मग फोटोवरून बोट फिरवत म्हणाली, "कुनालाच सांगितला न्हाय मी. घोवालापन न्हाय. पोर आपून पडली, असाच बोलले. माजी चूक हुती ती." आणि मग फोटो छातीशी धरून ती माऊली अशी रडली, की आम्हा दोघींना तिला धरून बसावं लागलं.

शांत झाल्यावर तिने विचारलं, "किती वाजलं?"

मी भिंतीवर पाहिलं. एक वाजून आठ मिनिटं.

"एक-धाच्या गाडीला देतो बोललान," ती डोळे पुसत म्हणाली. "दिलान."

आजीला दिसेनासं झालं ते पुढच्या महिन्यात. तिच्या पुतण्याने फोनवर सांगितलं. म्हणाला, फोटो उशाशी असतो, बोटाने ती भुवईची जागा चाचपत असते.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. हार्डवेअरचं काम करणाऱ्या एका मित्राला सगळं सांगितलं. तो म्हणाला, योगायोग, शिवाय दादाची कामाची पद्धत तुझ्या डोक्यात कुठेतरी असणार. असेलही. गाड्यांच्या वेळांचं काय, विचारलं तर हसला. आणि त्या खुणेबद्दल विचारलं तेव्हा हसलाही नाही. मी अजूनही रात्री निवांत झोपते, उतारे टाकत नाही, कुणा बाबाकडे गेलेले नाही. मला फक्त माहीत नाही, एवढंच.

गाळा ठरल्याप्रमाणे सोमवारी दिला. कॉम्प्युटर दादाच्या खुर्चीसकट क्लासला आणला, पण फॉरमॅट मारलेला नाही. एक-दहाच्या वेळेला माऊस आता लोण्यासारखा चालतो. बाकीच्या तीन वेळांना अजून अडकतो. 'बाकी'मध्ये तीन फोल्डर उरलेत, प्रत्येकात चार-पाच कामं. मी साडेचारची बॅच पाचला केली आहे आणि त्या तिन्ही वेळांना त्या खुर्चीत जाऊन बसते. वहिनीही येते, स्टूल घेऊन. दहा-पन्नासच्या फोल्डरमधला एका आजोबांचा फोटो गेल्या आठवड्यात पुरा झाला. त्यांची माणसं कोण, कुठली, ते शोधतोय.

काल क्लासमध्ये एक मुलगी घाबरून म्हणाली, "मॅडम, मी काही नाही केलं, आपोआप झालं." मी तिला खाली बसायला सांगितलं आणि म्हटलं, बरं, काय झालं ते बघूया.